तोंड लाल झालं तर

“तोंड उघड,” हाजीचाचा म्हणाले.

मी उघडलं. कारखान्यामागच्या गटारापाशी मी नुकताच ओकून उठलो होतो. कान भाजत होते, छाती धडधडत होती आणि डोळ्यांपुढे अजून काळे ठिपके नाचत होते. हाजीचाचा वाकले, माझ्या तोंडाशी नाक नेलं आणि दोनदा वास घेतला. साठी उलटलेला, मेंदी लावलेल्या दाढीचा, हज करून आलेला माणूस, आणि त्याच्यावर ही पाळी. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लाज वाटत होती.

“काय कळंना बघ,” शेवटी ते म्हणाले.

कसं कळणार? आमचा धंदा तंबोऱ्यांचा. मिरजेत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. भोपळा कापण्यापासून तारा जुळवण्यापर्यंत सगळं हाजीचाचांच्या एका छपराखाली व्हायचं, आणि माझ्याकडे होतं पॉलिश. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून त्यात भिजवायचा आणि भोपळ्यावर, दांडीवर गोल गोल फिरवत बसायचं, आतलं लाकूड उजेड देईपर्यंत. स्पिरिट हातात मुरायचं, केसात मुरायचं, सदऱ्यात तर मुक्कामालाच असायचं. अशा माणसाच्या तोंडाला कसला वास येतो ते ओळखायचं म्हणजे कांद्याच्या वखारीत उभं राहून कांदा कुणी खाल्लाय ते ओळखायचं.

“चाचा, मी पीत नाही. तुम्हाला माहीत आहे.”

“म्हाईत हाय रे. पण तोंड बघ की आरशात, टमाट्यागत झालंय. आणि बशीर म्हणतोय, हे पहिल्यांदा न्हाई.”

बशीर त्यांचा पुतण्या. माझ्या शेजारी बसून तोही पॉलिशच मारायचा. तीच खोली, तेच स्पिरिट, तोच बोळा, आणि पठ्ठ्या ठणठणीत. त्यामुळे स्पिरिट खराब आहे म्हणायलाही जागा नव्हती. तरी मी म्हणून बघितलं. चाचांनी दुसऱ्या व्यापाऱ्याकडून डबा मागवला, आणि नव्या डब्यावरही मी ओकलोच.

“घरी जा आज,” चाचा म्हणाले. “आणि मुरली, एक सांगतो, राग मानू नगंस. माझ्या बापापासनं या दुकानात दारूडा माणूस ठेवला न्हाई. तुझ्यासारखा हात मला मिळायचा न्हाई, तरीपण ठेवणार न्हाई.”

मला राग नाही, रडू आलं. लहानपणापासून मी त्याच छपराखाली वाढलो होतो. पॉलिशशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं आणि मिरजेतल्या त्या गल्लीत एकदा ‘पितो’ असं नाव पडलं, की कुणी दारात उभं करणार नव्हतं. आणि गंमत अशी की मी खरोखर पीत नव्हतो. एकदाही नाही. लग्नाच्या वरातीत मित्रांनी आग्रह केला तेव्हासुद्धा मी सोड्यावर भागवलं होतं.

घरी पोचलो तर कांचन उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. मी वेळेआधी आलो, तरी तिनं ‘का आलासा?’ असं विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि म्हणाली,

“ओकलासा का?”

मी चप्पल काढता काढता थांबलो. मी अजून एक शब्द बोललो नव्हतो.

“तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पायजे? दिसतंय की.”

काय दिसत होतं? घरी येईपर्यंत माझं तोंड बऱ्यापैकी निवळलं होतं. सदऱ्यावर डाग नव्हता. मी आत जाऊन पाणी प्यालो, पण ते वाक्य काही घशाखाली उतरलं नाही. त्या दिवसापासून माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

कांचनच्या वडिलांबद्दल इथेच सांगून टाकतो. जयसिंगपुरात हमाली करणारा हा गडी दारूपायी गेला, तेव्हा ती शाळेत होती. तिला बघायला मी गेलो तेव्हा तिनं सगळ्यांसमोर मला एकच प्रश्न विचारला होता, “पीत न्हाईसा न्हवं?” मी जोतिबाची शपथ घेतली. लग्नाला तीन वर्षं झाली होती, तरी रोज संध्याकाळी मी घरात शिरलो की ती दोन पावलं मागं सरायची. मी म्हणायचो, स्पिरिटचा वास आहे. ती मान हलवायची. ती मान होकाराची होती की ‘असलं लई ऐकलंय’ अशा अर्थाची, हे मला कधी कळलं नाही.

मग मी घरात पाळतीवर राहू लागलो. मनात संशय शिरला की माणसाला साधी गोष्टही वाकडी दिसते, हे मान्य. पण काही गोष्टी वाकड्या होत्याच. माझ्या डब्यातली भाजी ती कढईतून आधी वेगळी काढायची आणि बाकीची भाजी स्वतः खायची. डबा घरी परत आला की बसायच्या आधी तो घासायला घ्यायची. एका सकाळी मी आंघोळीहून लवकर बाहेर आलो, तर तिच्या हातात कागदाची पुडी होती आणि ती डब्यातली भाजी चमच्यानं हलवत होती.

“काय आहे ते?”

“हिंग.”

“हिंग डबीत असतो.”

“संपला म्हणून सुट्टा आणला. आता हिंगाचापण हिशेब देऊ व्हय?”

पुडी पदरात गेली. मी सायकल काढली, पण रस्ताभर डोकं चालू होतं. विष? पण मला विष घालून हिला मिळणार काय? नावावर ना घर, ना शेत. मेलो तर वारसाहक्कानं एक सायकल मिळेल, तीही आठवड्याला पंक्चर होणारी. मग करणी? कुणी देवऋषी गाठला असेल? पण असला अंगारा तर नवरा मुठीत राहावा म्हणून देतात, गटारापाशी ओकावा म्हणून नाही.

शेवटी माझं मन एका गोष्टीनं शांत केलं. हाजीचाची लेकीच्या बाळंतपणाला विजापूरला गेल्या होत्या, आणि तेव्हापासून चाचा दुपारी माझ्या डब्यात जेवत होते. आमच्यात हे चालायचंच. दुकानाच्या पुढच्या खोलीत ते तारा जुळवत बसायचे, बारा-साडेबाराला हाक मारायचे, “मुरली, काय पाठवलंय आमच्या सुनबाईनं?” अर्धी भाकरी, अर्धी भाजी त्यांची. कांचनला हे मी सांगितलं नव्हतं. उगाच ती दोन भाकऱ्या जास्त थापत बसली असती. तर तो डबा रोज खाऊन चाचा घोड्यासारखे धडधाकट होते. मग डब्यात काही असणं शक्यच नव्हतं.

स्पिरिट बशीरला बाधत नव्हतं आणि डबा चाचांना. उरलो मी. माझं मलाच वाटायला लागलं, की आपल्यालाच काहीतरी मोठा रोग झालाय. शुक्रवारी दुकान बंद असायचं, त्या दिवशी घरी बसून मी तिन्ही त्रिकाळ जेवायचो आणि एकदम ठीक असायचो. शनिवारी बोळा हातात घेतला की तासाभरात तोंड पेटायचं. दुकानात लोक माझ्याशी कमी बोलू लागले. बशीर तर उघड म्हणाला, “मामू, मागच्या दारानं मारून येत असशील तर सांग, आम्ही काय पोलीस हाय का?” मी त्याच्यावर बोळा फेकला. तो चुकला आणि एका तयार दांडीवर डाग पडला. तो काढताना पुन्हा ओकायला झालं.

श्रावण लागला आणि पावसानं झड धरली. तंबोऱ्याच्या पॉलिशला पावसाळी हवेचं वावडं. ओल लागली की चकाकी जाऊन वर पांढरट साय आल्यासारखं दिसतं, म्हणून त्या दिवसांत पॉलिशची खोली खिडक्या-दारं बंद करून, बल्ब लावून चालवायची. आत स्पिरिटचा असा कोंडमारा व्हायचा की नवख्या माणसाला चक्कर यावी. त्यातच धारवाडच्या एका गानशाळेची तंबोऱ्यांची जोडी द्यायची होती आणि बशीर तापानं झोपलेला.

“मी बसतो तुझ्याबरोबर,” चाचा म्हणाले. “पॉलिश मारून जमाना झाला, पण हात इसरला नसंल.”

आम्ही डबा खाल्ला. त्या दिवशी घेवड्याची भाजी होती आणि चाचांनी बोटं चाटली. मग दार लावून समोरासमोर बसलो, एक तंबोरा माझ्या मांडीवर, एक त्यांच्या. त्यांचा हात खरंच विसरला नव्हता. बोळा असा फिरत होता, की मी माझं काम सोडून बघत राहिलो.

थोड्या वेळानं ते थांबले.

“मुरली, गरम लई होतंय का रे?”

मी वर पाहिलं. मेंदीच्या दाढीच्या वर गाल, कपाळ, कान, सगळं लालभडक. डोळे तांबडे. घाम गळत होता. आरशात मी जे तोंड रोज बघत होतो, तेच तोंड समोर चाचांच्या धडावर होतं.

खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. जगातल्या ज्या एका माणसाला कुणी दारूडा म्हणणार नाही, त्याला तेच झालं होतं. मी ओरडणार होतो, ‘बघा चाचा, बघा!’ पण त्यांनी छातीवर हात दाबला, मांडीवरचा तंबोरा खाली घसरला आणि ते भिंतीला टेकून बाजूला कलंडले. मी दार उघडायला उठलो तेवढंच आठवतं. मीही उंबऱ्यातच पडलो.

शुद्धीवर आलो तेव्हा हाताला सलाइन होतं. शेजारच्या खाटेवर चाचा, नाकावर ऑक्सिजन. मगदूम डॉक्टरीणबाई त्यांची नाडी धरून उभ्या होत्या. पायथ्याशी चाचांचा मुलगा जावेद.

“पुन्हा विचारते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दोघं कुठे बसला होता? काय प्यायला होता? विषारी दारू असेल तर मला लवकर कळायला पाहिजे.”

“जबान सांभाळून बोला, बाई!” जावेद ओरडला. “माझा बाप हाजी हाय. थेंबाला शिवला न्हाई जन्मात.”

“मला त्यांचा जीव वाचवायचाय. त्यांचं ब्लडप्रेशर वर येत नाहीये. तुमचा राग नंतर.”

तेवढ्यात कांचन आत आली. पावसात भिजलेली, धापा टाकत. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि जे बोलायला ती कित्येक दिवस थांबली होती, ते बोलून टाकलं.

“डॉक्टरबाई, हे पितात. रोज पितात. मला पुरावा मिळालाय. आज जास्त झाली असंल.”

मला उठून तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी जोरजोरात रडावंसंही वाटलं. जीभ तेवढी उचलली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आणि हे? हेही यांच्याबरोबर पितात का?”

कांचननं तेव्हा शेजारच्या खाटेकडे पाहिलं.

“चाचा?” ती म्हणाली. “चाचांना काय झालं?”

“यांना झालं तेच. तोंड लाल, छाती धडधडणं, उलटी, चक्कर.”

“पण चाचा तर पीत न्हाईत!”

“तेच मी मघापासनं सांगालोय,” जावेद म्हणाला.

कांचन पुढे आली. तिनं माझ्याकडे नाही, जावेदकडे पाहून विचारलं, “चाचांनी दुपारी काय खाल्लं?”

“काय खाणार? अम्मी विजापूरला. रोज मुरलीच्या डब्यातलंच खातात. तुझ्या हातचं लई आवडतंय त्यांना.”

कांचन भिंतीला धरून खाली बसली. पदराची गाठ सोडली. आत कागदाची पुडी होती, दुमडून दुमडून मऊ झालेली. तिनं ती डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली.

“हे घातलंय,” ती म्हणाली. “डब्यात. रोज. ह्यांच्यासाठी हो! चाचांसाठी न्हाई!”

डॉक्टरीणबाईंनी भुकटी बोटावर घेतली. “दारू सोडवायची?”

कांचननं मान हलवली.

“कुणी दिली?”

मग सगळं बाहेर आलं. गणपतीच्या देवळाशेजारच्या हॉलमध्ये बायकांसाठी शिबिर झालं होतं. औषधाच्या एका कंपनीचे कुलथे नावाचे साहेब होते, टाय लावलेले, आवाज गोड. टेबलामागे एक डॉक्टरही होता, तो बायकांच्या सांगण्यावरून नवऱ्याच्या नावाच्या चिठ्ठ्या लिहून देत होता. नवरा बघितला नाही, नाडी बघितली नाही. कुलथे म्हणाले होते, गोळी दिली तर पुरुष ओळखतात, म्हणून आम्ही तुमच्या सोयीसाठी चुरा करून पुड्याच बांधून आणल्यात. वास नाही, चव नाही, भाजीत घाला.

“मी इच्यारलं, पीत नसंल तर?” कांचन म्हणाली. “तर म्हणाले, ताई, पीत नसतील तर काही म्हणजे काही होणार नाही. साखरेसारखं निरुपद्रवी. पण तोंड लाल झालं, छाती धडधडली, ओकले, तर समजा की पितात. औषध खोटं बोलत न्हाई म्हणाले. मग ह्यांचं तोंड लाल झालं. मी परत जाऊन सांगितलं. तर म्हणाले, अभिनंदन ताई, लागू पडलं! आता दोन पुड्या घाला.”

“दोन?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“दोन.”

डॉक्टरीणबाईंनी नर्सला काहीतरी सांगितलं, चाचांच्या हाताला दुसरी सुई लागली, पळापळ झाली. मग त्या कांचनकडे वळल्या. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या थकल्यासारख्या बोलल्या.

“हे औषध चांगलं आहे. पण माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनं, त्याचं हृदय तपासून द्यायचं असतं. ते पोटात असताना दारू तर नाहीच चालत, पण स्पिरिटची वाफसुद्धा चालत नाही. स्पिरिट कातडीतूनही शिरतं. तुमचा नवरा काय काम करतो, हे त्या माणसानं विचारलं होतं का?”

“न्हाई.”

“विचारायला हवं होतं. आणि हे सगळं त्या गोळीच्या पाकिटावर छापलेलं असतं. पुडी बांधली की ते उरतं कुठे?”

चाचा तीन दिवस तसेच होते. जावेद माझ्याशी बोलत नव्हता आणि कांचन माझ्या खाटेपाशी न बसता चाचांच्या खाटेपाशी बसून राहायची. चौथ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “या अल्ला. जन्मात शिवलो न्हाई, आणि सुनबाईनं म्हातारपणी दारू सोडवली.” कांचन त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडली.

माझी नोकरी राहिली. गल्लीतलं नावही धुऊन निघालं. चाचांनीच ते धुतलं, ज्याला त्याला स्वतःची कथा सांगून. पण घरातलं काही धुऊन निघालं नाही.

मी स्वतःचा भात स्वतः करू लागलो. तिनं वाढलेलं ताट मी परत सारायचो. ती ते उचलून झाकून ठेवायची. एका रात्री मी विचारलं, “आता तरी पटलं ना?”

“पुडी घातली ते चुकलं,” ती म्हणाली. “चाचांच्या जिवावर बेतलं. पण तुमचा वास...”

“स्पिरिटचा आहे!”

“माझा बा म्हणायचा, अवशदाचा हाय. आई मरेपातूर ते खरं धरून चालली.” ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

मला एकच वाक्य हवं होतं. ‘तुम्ही पीत नव्हता.’ चार शब्दही नाहीत. ते तिच्या तोंडून निघत नव्हतं, आणि त्याच्याशिवाय तिच्या हातचं पाणीही मला नको होतं. शरीरातून औषध उतरलं तरी संशय उतरायला तयार नव्हता, तिचा माझ्यावरचा आणि माझा तिच्यावरचा.

अशातच गल्लीतून रिक्षा फिरली. वर भोंगा. ‘भगिनींसाठी पुन्हा एकदा शिबिर, संसार वाचवा.’ कांचननं ते कान देऊन ऐकलं. शिबिराच्या दिवशी सकाळी तिनं चांगलं लुगडं नेसलं आणि मला म्हणाली, “मी जरा बाहीर जाऊन येते.”

आता काय आणायला चालली ही? मी कामाला जातो म्हणून निघालो आणि सायकल लांबून तिच्या मागं घातली. ती हॉलमध्ये शिरली. पुरुषांना आत प्रवेश नव्हता. मी दारापाशी, चपलांच्या ढिगाशेजारी उभा राहिलो.

हॉल भरला होता. कुलथे माइकवर होते, खरंच गोड आवाज. “मागच्या वेळी पुड्या नेलेल्या ताईंना एकच विचारतो. कुणाकुणाच्या मिस्टरांचं तोंड लाल झालं? लाजू नका, हात वर करा.” बरेच हात वर गेले. “बघा! हा पुरावा! डोळ्यांनी बघा!” टाळ्या पडल्या. मग त्यांना कांचन दिसली. “अरे वा, या ताई तर आमच्या पहिल्या. तिसऱ्याच दिवशी गुण आला होता. या, दोन शब्द बोला.”

कांचन वर गेली. माइक तिच्या हातात आला. मी खांबाला धरून उभा होतो. ही माझी बदनामी करणार की काय करणार, मला काही अंदाज नव्हता.

“हात वर केलेल्या बायांनो,” ती म्हणाली, “तुमचे मालक काम काय करत्यात?”

कुलथे हसले. “ताई, कामाचा काय संबंध...”

“मला सांगू द्या त्यांना. तुमचा?”

“गुत्त्यातच कामाला असल्यागत असतोय,” पुढची एक म्हातारी म्हणाली. “रोज उचलून आणती मी.” बायका खो खो हसल्या. दुसरी म्हणाली, हमाल. तिसरी म्हणाली, काही करत नाही, पितो फक्त. कुलथेंनी माइककडे हात नेला. कांचन बाजूला सरकली.

“तुमचा?”

मागच्या रांगेत एक सडपातळ बाई उभी राहिली. “गॅरेजात असत्यात. गाड्यांना रंग मारत्यात, फवाऱ्याचा. ते म्हणत्यात मी पीत न्हाई. पण तोंड लाल होतंय, ओकत्यात, म्हणून मीच...”

“रंगात थिनर असतंय, स्पिरिट असतंय,” कांचन म्हणाली. “पुडी पोटात असली की त्याचा वास घेतला तरी तोंड लाल होतंय. न पिता होतंय. माझ्या घरात झालंय. एका हाजी माणसाला झालंय, मरणाच्या दारातनं आलाय.”

“ताई भावनेच्या भरात आहेत,” कुलथे मोठ्यानं म्हणाले आणि कुणीतरी माइकचं बटण बंद केलं. पण ती बाई थांबली नव्हती. रांगेतून वाट काढत ती दाराकडे पळत होती. “सकाळी डब्यात घातलीय,” ती कुणाला तरी सांगत होती. “दोन घातल्यात. जेवायची वेळ झाली.” चपलांच्या ढिगात तिला तिच्या चपला सापडेनात.

कांचन तिच्या मागून धावत आली आणि दारात मी दिसलो. मी इथे कसा, हे तिनं विचारलं नाही.

“अहो, सायकल हाय का?”

“आहे. कुठलं गॅरेज?”

“सांगली नाक्यापाशी,” ती बाई म्हणाली, पण परक्या पुरुषाच्या सायकलवर बसायला ती बिचकली. माझ्या सदऱ्याचा वास येताच एक पाऊल मागं सरली.

कांचननं तिचा दंड धरला. “माझे मालक हायत,” ती म्हणाली. “पॉलिशचं काम करत्यात. पीत न्हाईत. कधीच पीत नव्हते. बस.”

मी पायडल मारलं. डोळे भरून आले होते, पण कॅरियरवर बाई होती आणि रस्त्यावर ट्रक, त्यामुळे पुसायला हात मोकळा नव्हता.

गॅरेजबाहेर एक माणूस टायरवर बसला होता. अंगावर रंगाचे शिंतोडे, तोंड लालभडक, शेजारी उघडा डबा. भोवती चार जण उभे राहून हसत होते. त्यातला एक म्हणत होता, “साल्या, दिवसाढवळ्या?” बाई सायकलवरून उतरून त्याच्याकडे धावली, पण जवळ जाऊन नुसती उभी राहिली.

मी सायकल टाकली आणि त्याच्यासमोर उकिडवा बसलो. तो मला ओळखत नव्हता.

“तू प्यालेला नाहीस,” मी म्हणालो. “मला माहीत आहे. ऊठ, दवाखान्यात जाऊ.”